रोग नसणं वेगळं, सोसणं वेगळं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला जंगली जनावरांच्या प्रतिकारशक्तीवरचा लेख मी दोनदा वाचला. एकदा सहज आणि एकदा हातात पेन्सिल घेऊन. लेख वाचनीय आहे, छायाचित्रं तर फारच सुंदर. त्यातला मुद्दा थोडक्यात असा, की रानात चरणाऱ्या जनावरांच्या अंगावर शेकड्यांनी गोचीड असतात, तरी त्यांना गोचीडताप होत नाही; निसर्गानं त्यांना कवचकुंडलं दिली आहेत आणि पाळीव जनावरांची ती आपण फवारण्या करकरून काढून घेतली. उपमा मला आवडली. पण ती कुंडलं मी भिंगाखाली पाहिलेली आहेत, म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, फक्त मधल्या हरिणांना लावू नका.

मी डॉक्टर नाही. पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत एकतीस वर्षं तंत्रज्ञ होते. काम एकसुरी. कानाच्या शिरेतून आलेला रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, दुसऱ्या काचेच्या कडेनं एका दमात ओढायचा, वाळवायचा, मिथेनॉलमध्ये बुडवायचा, गिम्साच्या रंगात ठेवायचा, मग तेलाचा थेंब टाकून शंभरच्या भिंगाखाली बघत बसायचं. थेंब ओढताना हात थांबला की रक्ताची पायरी पडते आणि ती काच फुकट जाते. माझ्या पहिल्या वर्षीच्या निम्म्या काचा पायऱ्यांच्याच होत्या.

त्याच सुमारास एका बंदिस्त प्राणिवाटिकेतून चितळाच्या मादीचं रक्त आलं. तिला दुसऱ्या आवारात हलवायचं होतं, म्हणून नेहमीची तपासणी. मी काच लावली आणि दचकलेच. फिकट गुलाबी तांबड्या पेशी, आणि मधूनमधून एखाद्या पेशीत जांभळा ठिपका आणि त्याला चिकटलेलं निळं वेटोळं. खड्याची अंगठी वरून पाहावी तसं. थायलेरिया, गोचिडातून रक्तात येणारा परजीवी. शंभर पेशींमागे एखाद-दुसरी. मी लाल शाईनं अहवाल लिहिला आणि अभिमानानं डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

त्यांनी काच न बघताच विचारलं, "ताप?"

"नाही म्हणतात, सर."

"रवंथ?"

"करतेय."

"मग आजारी कोण आहे?"

त्यांनी अहवालात एकच शब्द बदलला. 'बाधित' खोडून 'वाहक' केलं. मादी नव्या आवारात गेली. अकराव्या दिवशी तिचंच रक्त पुन्हा आलं, आणि या वेळी काच रंगवायच्या आधीच कळलं. थेंब पाण्यासारखा पसरला, त्याला रंगच नव्हता. भिंगाखाली दर तिसऱ्या-चौथ्या पेशीत भाडेकरू. मादी गाभण होती, प्रवासानं घाबरली होती आणि नव्या जागी नीट चरत नव्हती. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. ती गेली. दोन्ही अहवाल बरोबर होते. आजार तिनं बाहेरून आणलेला नव्हता, तो तिच्याबरोबरच आला होता.

लेखात जे निसटलंय ते मला इथूनच सांगायचंय. गोचीड चावूनही जनावर धडधाकट दिसतं, याची कारणं निदान दोन असू शकतात. एक, त्याच्या शरीरानं जंतूला वाढूच दिलं नाही. हा खरा प्रतिकार. दुसरं, जंतू आत आहे, पिढ्यान् पिढ्या नांदतोय, पण जनावर त्याचा त्रास करून घेत नाही. हे सोसणं. कुंपणाबाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात. दोन्ही रवंथ करत बसलेली असतात. शेजारच्या जनावरासाठी मात्र दोन्ही अगदी उलट आहेत. प्रतिकार करणाऱ्याला चावलेला गोचीड रिकाम्या हातानं परततो. सोसणाऱ्याला चावलेला गोचीड जंतू घेऊन परततो आणि पुढच्या जनावराला देतो.

लेखासोबत ज्याचं मोठं छायाचित्र आहे, तो आफ्रिकेतला रानरेडा, केप बफेलो, सोसणाऱ्यांमधला सगळ्यात पट्टीचा. त्याच्या रक्तात थायलेरिया पार्व्हा हा परजीवी असतो आणि त्याला सहसा काही होत नाही. तिथला तपकिरी कानगोचीड त्याच्या कानाच्या आत बसून रक्त पितो, गळून पडतो, गवतात कात टाकतो आणि पुढच्या अवस्थेत दुसऱ्या जनावराच्या कानात शिरतो. ते जनावर गाय असेल, तर परजीवी तिच्या पांढऱ्या पेशींत घुसतो. हा प्रकार मला पहिल्यापासून अंगावर काटा आणणारा वाटतो. तो पेशीला मारत नाही, तिला भराभर वाढायला लावतो, कर्करोगासारखं. आणि पेशी दुभंगताना तिची गुणसूत्रं ओढणारे जे धागे असतात, त्यांनाच चिकटून स्वतःही दोन भागांत वाटला जातो. एकाच्या दोन पेशी होतात आणि दोन्हींत तो असतो. कानामागची, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजते, ताप चढतो, फुप्फुसात पाणी भरतं. बहुतेक गायी तीन-चार आठवड्यांत संपतात.

दक्षिण आफ्रिकेत हा रोग विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला पोचला. १८९६-९७च्या बुळकांडीनं तिथले कळप साफ झाले होते, त्यात बोअर युद्ध. रिकामे गोठे भरायला पूर्व आफ्रिकेतून गुरं आणली, त्यांच्यासोबत हाही आला. आधी सगळ्यांना वाटलं, हा टेक्सास फिव्हरचाच, म्हणजे अमेरिकेतल्या गुरांच्या गोचीडतापाचाच, जहाल प्रकार असावा. १९०३मध्ये खुद्द रॉबर्ट कॉख या नामवंत जर्मन जीवाणुशास्त्रज्ञांना बुलावायोला (आजच्या झिंबाब्वेत) बोलावलं गेलं. रोग वेगळा आहे हे ठरलं, त्याला ईस्ट कोस्ट फिव्हर नाव पडलं, आणि परजीवीला पुढे पशुवैद्य आर्नल्ड थायलर यांचं नाव मिळालं. गाठीच्या पेशींत दिसणाऱ्या निळ्या ठिपक्यांच्या गोळ्यांना आम्ही आजही 'कॉखचे निळे गोळे' म्हणतो. गुरांकडून गुरांकडे जाणारा तो रोग तिथून हटवायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. पण रानरेड्याकडून गायीला होणारा त्याचाच भाऊ, कॉरिडॉर डिसीज, तिथं अजून आहे. ह्लुह्लुवे आणि उम्फोलोझी या दोन अभयारण्यांमधल्या पट्ट्यावरून ते नाव आलं. रानरेडे एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायचे तर तिथं आजही परवाने आणि तपासण्या लागतात. जनावर ठणठणीत आहे, म्हणूनच तर लागतात.

आता लेखातलं जे बरोबर आहे तेही सांगते, नाहीतर म्हाताऱ्या बाईला फक्त चुका काढायच्या होत्या असं व्हायचं. १८९३ साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी दाखवून दिलं, की टेक्सास फिव्हर गोचिडामार्फत पसरतो. एखाद्या किड्यासारख्या जिवाकडून असा रोग पोचतो, हे इतक्या स्वच्छपणे सिद्ध होण्याची ती पहिल्या काही वेळांपैकी एक. त्याआधी लोक चक्रावून गेले होते: दक्षिणेतून हाकत आणलेली गुरं टुणटुणीत, आणि ती ज्या वाटेनं गेली त्या वाटेवर चरलेली उत्तरेची गुरं पटापट मरत. कारण असं, की दक्षिणेतल्या वासरांना लहानपणीच गोचीड चावत. बबेसियाच्या, म्हणजे टेक्सास फिव्हरच्या परजीवीच्या, बाबतीत निसर्गानं उलटा हिशेब ठेवलाय; कोवळं वासरू तो रोग थोरल्या गायीपेक्षा सहज पचवतं, शिवाय आईच्या चिकातून आलेलं संरक्षण असतंच. त्या वयात जंतू भेटला, की पुढे जन्मभर ओळख राहते. भेटलाच नाही आणि चौथ्या-पाचव्या वर्षी एकदम समोर आला, तर तांबडी लघवी होऊन जनावर दोन-चार दिवसांत आडवं.

म्हणून सरसकट, बारमाही फवारणी अंगाशी येऊ शकते, हे लेखकाचं म्हणणं मी मान्य करते. झिंबाब्वेत स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात, १९७०च्या दशकात, गुरांना औषधाच्या हौदातून काढण्याची व्यवस्था कोलमडली, आणि सुमारे दहा लाख गुरं गोचिडांच्या रोगांनी गेली. वर्षानुवर्षं गोचीडच न पाहिलेले कळप होते ते. पण यातून 'फवारणी सोडा, सगळं आपोआप जमेल' असा अर्थ कसा निघतो? ती दहा लाख गुरं मेली, ती फवारणी बंद पडल्यावरच.

आणि जंगलात हे 'आपोआप जमणं' कसं चालतं, ते कोणी बघितलेलं नसतं, कारण मेलेलं पाडस सकाळपर्यंत उरत नाही. तरस आणि गिधाडं शवविच्छेदनाला काही ठेवत नाहीत. दक्षिण आफ्रिकेत रोन आणि सेबल ही मोठी हरणं कुंपणाच्या आत वाढवायला लागले, तेव्हा कळलं की त्यांची पाडसं थायलेरियानं पटापट दगावतात. रोनच्या बाबतीत तर इतकी, की पैदास करणाऱ्यांना प्रत्येक पाडसाच्या कानात गोचीड शिरू नये म्हणून धडपडावं लागलं. उघड्या माळावर हीच पाडसं 'बिबट्यानं नेली' या खात्यावर जमा होत असणार. आपण मोठी झालेली हरणं मोजतो, त्यांच्या चकाकत्या कातडीचे फोटो काढतो आणि म्हणतो, बघा, यांना काही होत नाही. ज्यांना झालं ती फोटोत नाहीत.

गोचीडच अंगावर टिकू द्यायचा नाही, ही तिसरी तऱ्हा. लेखात तिचा उल्लेखच नाही, आणि माझी ती सगळ्यात आवडती. इम्पाला या हरणाच्या खालच्या जबड्यातले कडेचे दात कंगव्यासारखे असतात. तो त्या कंगव्यानं स्वतःची कातडी विंचरत असतो, आणि जिथं आपलं तोंड पोचत नाही तिथं, म्हणजे मानेवर आणि डोक्यावर, दुसऱ्या इम्पालाकडून विंचरून घेतो. हिशेब चोख: तू माझी सहा वेळा, मी तुझी सहा वेळा. गंमत म्हणजे हे खाज सुटली म्हणून केलेलं नसतं. आतलं घड्याळच तसं लावलेलं असतं. गोचीड नसलेल्या प्राणिसंग्रहालयातली हरणंसुद्धा ठरावीक वेळानं अंग विंचरत राहतात. आकारानं लहान जनावर जास्त वेळा विंचरतं, कारण त्याच्या वजनाच्या मानानं एकेक गोचीड जास्त रक्त पितो. आणि जो नर आपला इलाका राखत, माद्यांमागे धावत असतो, त्याला विंचरायला वेळ नसतो. त्याच्या अंगावर गोचीडही जास्त सापडतात. (यावर आमच्या प्रयोगशाळेत जे विनोद झाले ते छापण्यासारखे नाहीत.)

मूस या उत्तरेकडच्या अवाढव्य हरणाला हे घड्याळ मिळालेलं नाही. हा गवतापेक्षा झाडपाला ओरबाडणारा प्राणी, त्यामुळे 'चरणारा' म्हणणं थोडं ओढूनताणून, पण उदाहरण मोलाचं आहे. उत्तर अमेरिकेच्या ईशान्येला हिवाळी गोचिडाची पिल्लं शरद ऋतूत झुपक्यानं गवताच्या टोकांवर बसतात आणि जाणाऱ्या मूसवर चढतात. २०१४ ते २०१६ या तीन वर्षांत तिथं खुणेचे पट्टे बांधलेल्या बछड्यांपैकी सुमारे ७० टक्के मेले. अंगावरचे गोचीड मोजले तर सरासरी ४७ हजार. ते कुठल्या जंतूनं मेले नाहीत, रक्त संपून मेले. त्याच रानातलं पांढऱ्या शेपटीचं हरीण वेळेवर स्वतःला विंचरतं आणि वाचतं. बर्फ उशिरा पडायला लागल्यापासून गोचिडांना चढायला जास्त दिवस मिळू लागले, हेही मूसच्या मरणामागचं एक कारण.

याच पांढऱ्या शेपटीच्या हरणात खरा प्रतिकारही बघायला मिळतो. माणसाला होणाऱ्या लाइम रोगाचा गोचीड त्याच्यावर गलेलठ्ठ पोसला जातो, पण त्याच्या रक्तातली प्रथिनं लाइमच्या जिवाणूला ठार करतात. म्हणजे हरीण गोचीड वाढवतं, रोग वाढवत नाही. आपल्याकडच्या माकडतापाचंही काहीसं असंच. गुरांवर त्या तापाचा गोचीड भरपूर पोसला जातो, पण विषाणू टिकवून ठेवण्यात गुरांचा हात नसतो. गोचीड आणि गोचिडातला जंतू या दोन गोष्टी एकच धरून लेखात जे वाक्य लिहिलंय, तिथं माझी पेन्सिल दोनदा अडखळली.

रानरेड्याच्या पाठीवर बसलेल्या लाल चोचीच्या पक्ष्याबद्दलही थोडंसं. ऑक्सपेकर गोचीड खातो, शंका नाही. पण झिंबाब्वेत बैलांवर केलेल्या एका प्रयोगात पक्षी हाकलून लावले तरी गोचिडांच्या संख्येत फरक पडला नाही. उलट पक्षी असलेल्या बैलांच्या जखमा भरत नव्हत्या, कारण पक्षी त्या उकरून रक्त पीत होते. छायाचित्राखाली 'निसर्गाचा डॉक्टर' असं छापलंय. निदान फीबद्दल तरी एक ओळ घालायची होती.

सोसण्याचा हा करार किती नाजूक असतो, ते टांझानियातल्या न्गोरोंगोरोच्या विवरात दिसलं. २०००मध्ये कडक दुष्काळ पडला, पुढच्या वर्षी पाऊस आला आणि गोचिडांचं पीक फुटलं. उपासमारीनं खंगलेले रानरेडे आणि विल्डबीस्ट मेले, दुर्मीळ काळे गेंडेसुद्धा गेले. विवरातले सिंहही त्याच काळात मरत होते. १९९४मध्ये शेजारच्या सेरेंगेटीत जवळजवळ तिसरा हिस्सा सिंह गेले, ते कुत्र्यांच्या डिस्टेंपर या विषाणुरोगानं, असं आधी वाटत होतं. पण २००८मध्ये दोन्ही साथींचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा दुसरा हात दिसला. दुष्काळानं दुबळे झालेले, गोचिडांनी लडबडलेले रानरेडे सिंहांना आयते सापडत होते, त्यांच्यावरचे गोचीड सिंहांवर चढत होते आणि एरवी सिंह सहज सोसतात तो बबेसिया डिस्टेंपरच्या जोडीनं त्यांना मारत होता. डिस्टेंपर तर अधल्यामधल्या वर्षांतही येऊन गेला होता, पण गोचीड कमी असताना त्यानं सिंहांचं फारसं काही बिघडवलं नव्हतं. आल्प्समध्ये २००५-०६मध्ये काही शॅम्वा, म्हणजे तिथल्या डोंगरी काळवीटवजा बकऱ्या, बबेसियानं मेल्या. हा बबेसिया रो हरणाचा जुना सोबती, त्याला तो काही करत नाही. शॅम्वाची आणि त्याची ओळखच नव्हती.

माझ्या चितळाच्या मादीला अकरा दिवस पुरले.

पाळीव जनावरांपुरतं म्हणाल, तर 'सोसणं' हे जंगलाची मक्तेदारी नाही. देशी साहिवाल आणि विदेशी होल्स्टीन वासरांना थायलेरिया ॲन्युलाटा, ही थायलेरियाचीच आणखी एक जात, एकाच मात्रेत दिली, तेव्हा रोग दोघांनाही झाला. फरक पडला तो शरीराच्या प्रतिक्रियेत. साहिवालला ताप कमी चढला आणि ती औषधाविना सावरली. पूर्व आफ्रिकेतल्या बोरान गायींच्या एका वंशावळीत ईस्ट कोस्ट फिव्हर सोसण्याचा गुण एका विशिष्ट जनुकाशी जोडलेला सापडला. ते २०२२मध्ये प्रसिद्ध झालं. आणि तिथली लस, केनियातल्या मुगुगा गावाच्या नावानं ओळखली जाणारी, हीही शेवटी तीच युक्ती आहे: गोचिडातून काढलेले जिवंत परजीवी वासराला टोचायचे आणि त्याच वेळी ऑक्सिटेट्रासायक्लिन हे लांब पल्ल्याचं प्रतिजैविक द्यायचं, म्हणजे रोग हलका होऊन जातो आणि ओळख राहते. त्या मिश्रणातला एक वाण मूळचा सेरेंगेटीतल्या रानरेड्याचा आहे. लेखकाला निसर्गाकडून धडा घ्यायचाच होता, तर हा आयता होता. पण यासाठी द्रव नायट्रोजनची टाकी लागते, थर्मामीटर लागतो आणि वासरामागे महिनाभर फिरणारा माणूस लागतो.

पुढच्या वेळी असा लेख छापाल, तेव्हा लेखकाला एवढंच विचारा: जनावर कुठल्या वयाचं, त्याच भागात जन्मलेलं की आणलेलं, आणि त्याचं रक्त कोणी पाहिलंय का. त्या चितळाच्या मादीच्या दोन्ही काचा मी निवृत्तीच्या दिवशी डब्यात गुंडाळून घरी आणल्या. गिम्साचा निळा रंग आता उतरलाय, पण जांभळे ठिपके अजून दिसतात. लेखकमहाशयांना बघायच्या असतील तर पाठवते. सूक्ष्मदर्शक मात्र त्यांना त्यांचा आणावा लागेल.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ